फोटोवर चढणारं कार्ड आणि स्क्रोल: नीट कसं बसवायचं?

बिनखांबी

नमस्कार मंडळी. कोल्हापूर आणि आसपासची ठिकाणं दाखवणारं एक अ‍ॅप करतोय, फ्लटरमध्ये (गुगलचं अ‍ॅप बांधायचं साधन). गिऱ्हाईक इथलंच, पर्यटकांना गाड्या पुरवतं. प्रत्येक ठिकाणाचं पान असं हवंय: वर पूर्ण रुंदीचा फोटो, स्टेटस बारच्याही मागे गेलेला. त्यावर खालून चढलेलं पांढरं कार्ड, वरचे दोन कोपरे गोल, साधारण ३२ ने फोटोवर आलेलं. कार्डाच्या वरच्या कडेवर ‘रस्ता दाखवा’चं गोल बटण, अर्धं फोटोवर आणि अर्धं कार्डावर. मजकूर वर सरकवला की फोटो हळूहळू मिटायचा आणि ठिकाणाचं नाव वरच्या पट्टीत येऊन बसायचं.

चित्रात छान दिसतंय. करायला गेलं की असं होतं:

कस्टमस्क्रोलव्ह्यूमध्ये (सरकणाऱ्या पानात) स्लिव्हरअ‍ॅपबार (सरकवलं की मिटणारं वरचं हेडर) आणि त्याखाली कार्ड ठेवून ट्रान्सफॉर्मने कार्ड वर सरकवलं, तर ते फोटोच्या मागे जातं. म्हणून साधा कॉलम (एकाखाली एक मांडणी) घेतला. त्यात कार्ड फोटोवर येतं, पण बटणाचा वरचा अर्धा भाग दाबलाच जात नाही. शिवाय कॉलममध्ये नाव वर चिकटत नाही ते वेगळंच. तिसरं म्हणजे मोठ्या नावांच्या वेलांट्या, अनुस्वार वरून कापले जातात. आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनवर सगळं अडखळत चालतं.

कोणी असं पान नीट केलंय का?

कटवडा

फोटो वर, कार्ड खाली, मधे सरळ रेघ. झालं काम. हा एकावर एक चढवायचा नाद कशाला, भावा?

पंचगंगा_घाट

कटवडा, गिऱ्हाइकाला पटवून द्या मग तुम्हीच :)

बिनखांबी, पहिल्या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण मुळाशी गोष्ट एकच: फोटोवर चढलेला तुकडा नक्की कोणाच्या मालकीचा, हे ठरलेलं नाही.

आधी कार्ड मागे का जातं ते. कस्टमस्क्रोलव्ह्यू स्लिव्हर्स, म्हणजे पानाचे सरकणारे तुकडे, उलट्या क्रमाने रंगवतो. यादीतलं शेवटचं आधी, पहिलं सगळ्यात शेवटी. त्यामुळे पहिला असलेला स्लिव्हरअ‍ॅपबार सगळ्यांच्या वर येतो. हे मुद्दाम आहे, नाहीतर वर चिकटलेल्या पट्टीखालून जाण्याऐवजी मजकूर पट्टीवरून गेला असता. नव्या आवृत्त्यांत हा क्रम फिरवायची सोय आली आहे, पण ती वापरलीत तर नेमकं तेच होईल: कार्ड फोटोवर येईल आणि पुढे सरकून पट्टीवरच्या नावावरही चढेल.

आता बटण. तुम्ही बहुतेक कार्डाच्या आत स्टॅक (एकावर एक थर) घेऊन बटणाला वजा २८ वगैरे दिलं असणार आणि क्लिप (हद्दीबाहेरचं कापणं) बंद केली असणार. दिसायला बटण बाहेर येतं. पण बोट कुठे लागलं हे शोधताना फ्लटर आधी बघतं, बोट या डब्याच्या हद्दीत आहे का. नसेल तर आतल्या मुलांची चौकशीच होत नाही. हद्दीबाहेर काढलेला भाग दिसतो, दाबला जात नाही. स्लिव्हरटूबॉक्सअ‍ॅडाप्टरच्या आत ट्रान्सफॉर्म लावून बटण वर ढकललंत तरी तीच गत.

आणखी एक. ट्रान्सफॉर्म रंगवण्याची जागा हलवतो, मांडणीतली जागा नाही. कार्ड ३२ ने वर गेलं की पानाच्या तळाशी ३२ ची रिकामी जागा उरते. पार्श्वभूमी पांढरी असली की ती लक्षात येत नाही, रंगीत झाली की दिसते.

म्हणून माझं म्हणणं असं: कार्ड वर सरकवूच नका. गोल कोपऱ्यांची ती ३२ उंचीची पांढरी पट्टी हेडरचाच भाग करा. कार्डाचं बाकीचं अंग तिच्याखाली सरळ सुरू होऊ दे, कुठलाही वजा आकडा न देता. बघणाऱ्याला एकच कार्ड दिसतं. आतून ती दोन वेगळी माणसं आहेत.

सोपी वाट: स्लिव्हरअ‍ॅपबारच्या ‘बॉटम’मध्ये प्रिफर्डसाइझ घेऊन ३२ उंचीचा, वरून गोल कोपऱ्यांचा पांढरा कंटेनर. फ्लेक्सिबल स्पेस ‘बॉटम’च्याही मागे पसरलेली असते, त्यामुळे कोपऱ्यांच्या बाहेर फोटोच दिसतो. पट्टी हेडरबरोबर रंगते, तेव्हा फोटोच्या मागे जायचा प्रश्नच येत नाही. तोटा एवढाच की हेडर मिटल्यावरही ही पट्टी वर चिकटून राहते.

जास्त ताबा हवा असेल तर स्लिव्हरपर्सिस्टंटहेडर घ्या आणि डेलिगेट (हेडरची उंची आणि रूप ठरवणारा कोड) स्वतः लिहा. आत एक स्टॅक: तळाशी फोटो, त्यावर काळसर उतरता थर, मग पांढरी पट्टी, सगळ्यात वर बटण आणि नाव. बटण ५६ चं असेल आणि त्याचा मध्य पट्टीच्या वरच्या कडेवर असेल, तर त्याचा खालचा अर्धा भाग २८ होतो. पट्टी ३२ ची आहे. म्हणजे अख्खं बटण हेडरच्या हद्दीत बसतं, शिवाय खाली चारची सवलतही राहते. सगळं दाबलं जातं.

हेडर मिटत येईल तसं बटण लहान करत नाहीसं करा. अँड्रॉइडच्या मूळ डिझाइन लायब्ररीत अ‍ॅपबारला बांधलेलं तरंगतं बटण असंच स्वतःहून लपतं. पण फक्त पारदर्शक करून थांबू नका, त्याला इग्नोरपॉइंटरही (स्पर्श न घेण्याची सोय) लावा. नाहीतर न दिसणारं बटण नावावर बसून बोटं गिळतं.

डेलिगेट लिहिताना दोन ठिकाणी पाय अडकतो. स्लिव्हरअ‍ॅपबार स्टेटस बारची उंची स्वतः धरतो, तुमचा डेलिगेट धरणार नाही. मीडियाक्वेरीतून (पडद्याची मापं तिथे मिळतात) वरचं पॅडिंग घेऊन किमान आणि कमाल दोन्ही उंचींत मिळवा. आणि श्रिंकऑफसेटला (हेडर किती मिटलं तो आकडा) कमाल वजा किमान यानं भागून ० ते १ मध्ये क्लॅम्प करा, म्हणजे त्याबाहेर जाऊ देऊ नका. हेडर मिटल्यानंतरही तो आकडा वाढत राहतो आणि मग नाव भलतीकडे उडतं.

बिनखांबी

वजा २८, बरोबर ओळखलंत! ‘बॉटम’ची वाट लगेच करून पाहिली. कार्ड वर आलं. पण पट्टी आणि खालचं कार्ड यांच्यामध्ये केसाएवढी रेघ दिसते. स्क्रोल करताना चमकते, थांबलं की कधी असते कधी नसते.

पंचगंगा_घाट

ती येणारच. स्क्रोल अपूर्णांकात थांबला की दोन पांढऱ्या कडा एकाच पिक्सेलवर अर्ध्या अर्ध्या येतात आणि मागचा रंग डोकावतो. स्कॅफोल्डची (पानाच्या सांगाड्याची) पार्श्वभूमी पांढरी करा. स्टॅकवाली वाट घेतली तर पट्टी तळापासून वजा १ वर ठेवा, फोटोचा शेवटचा पिक्सेल झाकला जातो.

ताराबाई_पार्क_ते_हिंजवडी

फ्लटर मला येत नाही, मी पहिल्यापासून अँड्रॉइडवाला. पण पंचगंगा_घाट म्हणतात तो मालकीचा मुद्दा आमच्याकडेही तसाच आहे, म्हणून लिहितो.

गुगलने २०१५ मध्ये डिझाइन सपोर्ट लायब्ररी काढली, तिच्यात कोऑर्डिनेटरलेआउट, अ‍ॅपबारलेआउट आणि कोलॅप्सिंगटूलबारलेआउट आले. त्याआधी हे सगळं हाताने करावं लागायचं: स्क्रोलचा आकडा ऐका, फोटो सरकवा, पट्टीचा रंग बदला. त्या लायब्ररीत चढणाऱ्या कार्डासाठी सरळ एक गुणधर्म दिलाय, बिहेव्हियर ओव्हरलॅपटॉप. खालच्या नेस्टेडस्क्रोलव्ह्यूला तो ६४ डीपी दिला की मजकूर तेवढा हेडरवर चढून बसतो, आणि सरकताना कोणी किती हलायचं ते अ‍ॅपबार आणि तो आपसात ठरवतात. साधा स्क्रोलव्ह्यू घेतला तर मात्र हेडर हलतच नाही, कारण तो आपला स्क्रोल वरच्याला कळवतच नाही. नवखी पोरं इथे अर्धा दिवस घालवतात.

फोटोच्या हळू सरकण्याचा आकडाही त्यातच आहे, पॅरॅलॅक्स मल्टिप्लायर, मुळात ०.५. मी सहसा त्याला हात लावत नाही. वाढवला की फोटो वेगळाच तरंगतोय असं वाटतं.

कोण वर, कोण खाली हे अँड्रॉइडवर एलेव्हेशनही (सावलीसाठी दिलेली उंची) ठरवतं. सावली छान दिसावी म्हणून कोणीतरी हेडरला एलेव्हेशन देतं आणि कार्ड मागे गायब होतं. रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांनाही (अ‍ॅप बांधायचं आणखी एक साधन) हे लागू. झेडइंडेक्स कितीही वाढवा, अँड्रॉइडवर शेजाऱ्याचं एलेव्हेशन जास्त असेल तर तोच वर.

कंपोझमध्ये (अँड्रॉइडची पडदे रचायची नवी पद्धत) असा तयार गुणधर्म नाही, तिथे स्क्रोलचा आकडा घेऊन स्वतःच मांडावं लागतं. तो आकडा ग्राफिक्सलेयरच्या ब्लॉकच्या आत वाचायचा. बाहेर वाचला तर प्रत्येक फ्रेमला अख्खं पान पुन्हा रचलं जातं.

भडंग

एवढी खटपट कशाला? सगळ्यात मागे फोटो स्थिर ठेवा, त्यावर पूर्ण पडद्याची यादी, यादीत वर २८० ची पारदर्शक मोकळी जागा. कार्ड आपोआप फोटोवरून वर जातं. रंगवण्याचा क्रम नाही, डेलिगेट नाही. मी दोन अ‍ॅपमध्ये हेच केलंय.

पंचगंगा_घाट

चालतं, पण तो परिणामच वेगळा आहे. तुमच्यात फोटो जागेवर राहतो आणि कार्ड त्याला झाकत जातं. बिनखांबींना फोटो मिटायला हवाय आणि नाव पट्टीत बसायला हवंय. दोन्हींत चांगलं-वाईट नाही, पण गिऱ्हाइकाला आधी दोन्ही हलवून दाखवा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरं, ती मोकळी जागा दिसत नसली तरी तिथला स्पर्श यादीच घेते. मागच्या फोटोवर काही दाबायचं नसेल तर ठीक. एकाहून जास्त फोटो बोटाने आडवे सरकवायचे असतील, तर ते मागे पोचतच नाही.

बिनखांबी

आडवे सरकवायचेत. प्रत्येक ठिकाणाचे चार-पाच फोटो आहेत. म्हणजे भडंग यांची वाट माझ्यासाठी बंद.

शाई_आणि_कुंचला

मी डिझाइन करते, कोड नाही. वरची चर्चा अर्धी समजली, पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही: फोटो कुठले आहेत?

असं पान डिझाइनर नेहमी एका सुंदर फोटोवर काढतो. खालचा भाग गडद, वर निळं आकाश, मधे इमारत. मग खरे फोटो येतात. पावसाळ्यातला पन्हाळा घ्या, तीन दरवाज्याच्या पलीकडे नुसतं धुकं. अख्खा फोटो पांढरा. त्यावर पांढरा मागे जायचा बाण दिसणार कसा? रंकाळ्याची संध्याकाळ घ्या, आकाश पेटलेलं आणि पाणी काळं. तिथे पांढरा बाण दिसतो, पण स्टेटस बारमधली गडद घड्याळाची अक्षरं बुडतात. जोतिबाची चैत्र यात्रा, सगळीकडे गुलाल, त्यावर गुलाबी बटण दिलं असेल तर बघायलाच नको.

म्हणून वर एक काळसर उतरता थर लागतोच, आणि तो डोळ्यांनी ठरवू नका, सगळ्यात वाईट फोटोवर ठरवा. हिशोब सोपा आहे. फोटो पूर्ण पांढरा धरा. त्यावर पांढरी लहान अक्षरं डब्ल्यूसीएजीच्या (सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे वेबचे नियम) ४.५:१ या प्रमाणाने वाचता यायला काळा थर साधारण ५४ टक्के लागतो. मोठी अक्षरं किंवा चिन्हं असतील तर ३:१ पुरतं, तिथे ४२ टक्क्यांच्या आसपास. ५४ टक्क्यांचा थर अख्ख्या फोटोवर घातला तर पन्हाळ्याचं धुकं राखाडी होऊन मरतं. म्हणून नाव फोटोवर ठेवूच नये असं माझं मत. नाव पांढऱ्या कार्डावर ठेवा, फोटोवर फक्त बाण राहू दे, आणि त्या बाणामागे छोटं गडद वर्तुळ द्या. अख्ख्या फोटोला काळं फासण्यापेक्षा ते बरं.

मग काप. सासनकाठ्यांचा फोटो उभाच असतो, काठीच तेवढी उंच. तो १६:९ मध्ये घातला की वरची काठी जाते आणि खालची माणसं कार्डाखाली जातात. उरतात मधले बांबू. खासबाग मैदानाचा फोटो उलट, आडवा पसरलेला, त्याला काही होत नाही. ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, तिथे हे वेगळं सांगायला नको: पुढे नट उभा राहणार त्या जागी पडद्यावर मुख्य चित्र नसतं. कार्ड चढतं ती खालची ३२ ची पट्टी, आणि बटणामुळे त्यावरची आणखी २८, ही जागा गेलीच असं धरून फोटो कापा.

आणि प्रत्येक फोटोसोबत त्याचा मुख्य बिंदू नोंदवून ठेवा. मधोमध हा सगळ्या फोटोंचा मुख्य बिंदू नसतो.

बिनखांबी

मुख्य बिंदूची कल्पना आवडली. फ्लटरमध्ये फोटोला अलाइनमेंट देता येतं, आडवा आणि उभा असे दोन आकडे, वजा १ ते १. सर्व्हरवरच प्रत्येक फोटोला ते दोन आकडे लावून टाकतो. गिऱ्हाइकाच्या कचेरीतली पोरगी फोटो चढवते, तिलाच फोटोवर बोट ठेवून बिंदू निवडता येईल असं करीन.

पण नाव फोटोवरच हवं असा हट्ट आहे त्यांचा. परत बोलतो.

निवृत्त_जुळारी

मी छापखान्यात जन्म काढला. अ‍ॅप वगैरेंत मला गती नाही, पण वेलांट्या कापल्या जातात हे वाचून थांबलो.

‘ज्योतिर्लिंग’ लिहून बघा. त्यातल्या ‘र्लिं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघंही एकाच अक्षराच्या डोक्यावर. खाली ‘कृ’, ‘द्रु’ वगैरे आले की तळालाही जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापाने दोन ओळींतलं अंतर ठरवलंत तर डोकं किंवा पाय, एक काहीतरी जाणारच. खिळे जुळवतानाही शिरोरेषेच्या वर शिसं जास्त ठेवावं लागायचं, तेच इथे.

आणखी एक विनंती, म्हाताऱ्याची. मी फोनमधली अक्षरं मोठी करून वाचतो. बऱ्याच अ‍ॅपमध्ये वरचं नाव त्यामुळे अर्धं दिसतं, बाकी फोटोत हरवतं. आम्हीही फिरायला जातो.

पंचगंगा_घाट

काका, अगदी नेमकं सांगितलंत.

बिनखांबी, तुमच्या चित्रात ओळीची उंची १.० किंवा १.१ असणार, इंग्रजी नावावर ठरवलेली. टेक्स्टस्टाइलमधली ‘हाइट’ काढून टाका, किंवा मराठीसाठी १.४ च्या खाली जाऊ नका. मुक्ता असो की नोटो सान्स देवनागरी, फाँटच्या स्वतःच्या मापात मात्रांची जागा धरलेली असते. आपणच ती छाटतो. आणि नावाभोवती क्लिपरेक्ट आहे का पाहा. फ्लटर स्वतः अक्षर कापत नाही, बाहेरचा डबा कापतो.

मोठ्या अक्षरांचा प्रश्न गंभीर आहे. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. त्यात फ्लेक्सिबलस्पेसबार नावाला उघडलेल्या अवस्थेत स्वतःहून १.५ पट करतो. ‘श्री करवीरनिवासिनी महालक्ष्मी (अंबाबाई) मंदिर’ हे या हिशोबात चार ओळींवर जाईल, आणि तुमचं हेडर २८० चं पक्कं.

शाई_आणि_कुंचला

म्हणून म्हणते नाव कार्डावर. कार्ड कितीही उंच होऊ शकतं, हेडर नाही. आणि प्रत्येक ठिकाणाला दोन नावं ठेवा. कार्डावर पूर्ण नाव, पट्टीत छोटं: ‘अंबाबाई मंदिर’, ‘जोतिबा’, ‘न्यू पॅलेस’. पट्टीत ‘श्री करवीरनिवासिनी म…’ असं तुटकं दिसण्यापेक्षा कोल्हापूरकर म्हणतो तेच नाव दिसू दे. गिऱ्हाइकाला हे दाखवलंत तर हट्ट सुटेल.

कटवडा

दोन नावांची आयडिया एक नंबर.

ताराबाई_पार्क_ते_हिंजवडी

अडखळण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. बिनखांबी, फोटो किती मोठे उतरवताय?

बिनखांबी

जसे आले तसे. कॅमेऱ्यातून आलेले ४०००×३०००.

ताराबाई_पार्क_ते_हिंजवडी

मग झालं. फाइल तीन एमबीची असली तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. एक कोटी वीस लाख पिक्सेल, म्हणजे ४८ एमबी. एका फोटोला! असे पाच फोटो आडवे सरकवायला ठेवलेत. पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल असेल तर तेवढाच फोटो हवा: १०८०×८१० ला साडेतीन एमबी होतात.

सर्व्हरवरच दोन-तीन रुंदीच्या प्रती करून वेबपीमध्ये (फोटोचा हलका फॉरमॅट) ठेवा. तोवर फ्लटरमध्ये कॅशविड्थ द्या, उघडतानाच लहान होतो. उंची देऊ नका, नाहीतर फोटो चेपतो.

पंचगंगा_घाट

फोटो लहान केल्यावरही अडखळलं तर स्क्रोलच्या प्रत्येक हालचालीला सेटस्टेट (पान पुन्हा बांधायला लावणारी आज्ञा) चालतंय का बघा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात, त्यात अख्खं पान पुन्हा बांधणं जुन्या फोनला जमत नाही. बटण आणि नाव एवढ्याचपुरता अ‍ॅनिमेटेडबिल्डर लावा.

फोटो मिटताना तो धूसर व्हायला पाहिजे असं चित्रात असेल तर तेवढं गिऱ्हाइकाला नाही म्हणा. सरकताना बॅकड्रॉपफिल्टर चालवणं स्वस्त फोनवर फार महाग पडतं. फोटोवर पट्टीचा रंग हळूहळू चढवला तरी डोळ्याला तेवढंच समाधान मिळतं.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

मी रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाला, आयफोनचंही थोडं बघतो. आमच्याकडे सगळे एकाच ठिकाणी आपटतात: हेडरची उंची अ‍ॅनिमेट करायला जातात. नेटिव्ह ड्रायव्हर (अ‍ॅनिमेशन थेट फोनकडून चालवणारा भाग) सहसा उंची हलवू देत नाही, ट्रान्सफॉर्म, ओपॅसिटी अशा मांडणी न बदलणाऱ्या गोष्टीच. म्हणून उंची कायम ठेवा, हेडर ट्रान्सलेटवायने वर न्या आणि फोटो त्याच्या निम्म्याने खाली आणा. मिटल्यासारखंच दिसतं. इंटरपोलेटला क्लॅम्प लावायला विसरू नका.

आयफोनवर यादी वरच्या टोकाला पोचल्यावरही खाली ओढता येते, तेव्हा आकडा वजा होतो. क्लॅम्प नुसता लावला तर पांढरी फट दिसते. त्या वजा भागात फोटो मोठा करायचा, म्हणजे ओढेल तसा ताणला जातो. फ्लटरमध्ये स्ट्रेच चालू केलं की हेच मिळतं, पण अँड्रॉइडवरचा साधा स्क्रोल टोकाला थांबतो, म्हणून तिथे ते दिसत नाही.

भडंग

हे सगळं हलणारं काही लोकांना सोसत नाही, तेही लिहून ठेवा. माझ्या मोठ्या बहिणीला फोटो आणि मजकूर वेगळ्या वेगाने गेले की गरगरतं. आयफोनवर २०१३ मध्ये आयओएस ७ आलं, तेव्हा मागचं चित्र हलायला लागलं आणि त्याबरोबर हालचाल कमी करायची सेटिंगही आली. ती सेटिंग चालू असेल तर फोटो मजकुराच्याच वेगाने जाऊ दे. मीडियाक्वेरीत डिसेबलअ‍ॅनिमेशन्स मिळतं. आयफोनच्या सेटिंगसाठी फ्लटरच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी फीचर्समध्ये रिड्यूसमोशन वेगळं आहे, दोन्ही तपासा.

बिनखांबी

सगळ्यांचे आभार. आता असं उभं केलंय: स्वतःचा डेलिगेट. स्टॅकमध्ये फोटोंचा आडवा पेजव्ह्यू, वरच्या कडेला थोडासा काळसर थर, पांढरी पट्टी, बटण. पूर्ण नाव कार्डावर गेलं (दोन नावांवर गिऱ्हाईक लगेच कबूल झालं, ‘न्यू पॅलेस’ छान बसतं म्हणाले). पट्टीत छोटं नाव. बटणाचा वरचा अर्धा भागही दाबला जातो. फोटो १०८० वर आणल्यावर त्या जुन्या फोनवरही सुरळीत चालतंय.

दोन गोष्टी राहिल्यात. हेडर मिटल्यावर पट्टी पांढरी होते आणि स्टेटस बारची पांढरी अक्षरं दिसेनाशी होतात. आणि फोन आडवा धरला की फोटोच फोटो, कार्डाची नुसती कड.

पंचगंगा_घाट

स्टेटस बार: हेडर अर्ध्याहून जास्त मिटलं की सिस्टिमयूआयओव्हरलेस्टाइल गडद अक्षरांची करा, उघडलं की परत. डेलिगेटमध्ये अ‍ॅनोटेटेडरीजनने गुंडाळा. प्रत्येक फ्रेमला नाही, फक्त अर्धी रेघ ओलांडताना बदला. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपला पडदा काठोकाठ वापरणं सक्तीचं झालंय, त्यामुळे वरच्या पट्टीला वेगळा रंग देऊन सुटका करून घ्यायची जुनी युक्तीही आता चालत नाही. खालच्या काठाकडेही बघा, कार्डातली शेवटची ओळ जेस्चरच्या रेघेखाली जाते.

शाई_आणि_कुंचला

आडव्यासाठी: हेडरची उंची पक्का आकडा ठेवू नका. रुंदीच्या पाऊणपट आणि पडद्याच्या उंचीच्या साधारण ४५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते घ्या. उभ्या फोनवर पहिलं लागतं, आडव्यावर दुसरं. ३६० उंची उरलेल्या आडव्या पडद्यावर हेडर १६२ चं होईल, कार्डाला वाचण्यापुरती जागा राहील.

टॅबलेटवर मात्र हे पान करूच नका. तिथे फोटो डावीकडे, कार्ड उजवीकडे. सासनकाठ्यांचा उभा फोटो त्यात पूर्ण बसतो.

बिनखांबी

टॅबलेटचं गिऱ्हाइकाने विचारलंच नाही, सुटलो. उंचीचा नियम लावतो. स्टेटस बारचा बदलही झाला, रेघ ओलांडली की लगेच अक्षरं गडद होतात.

निवृत्त_जुळारी

अक्षरं मोठी करून तपासलंत का?

बिनखांबी

हो काका, २०० टक्क्यांवर. पूर्ण नाव कार्डावर तीन ओळींत बसतंय, ‘ज्योतिर्लिंग’चा अनुस्वार शाबूत आहे. वरच्या पट्टीत ‘जोतिबा’ मावतो, ‘अंबाबाई मंदिर’ थोडक्यात मावत नाही. पट्टीची उंची ५६ वरून अक्षराच्या मापाप्रमाणे वाढवून दोन ओळी होऊ देतोय.